कानबाईपुढची बाटली

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. जळगावात माझ्या दवाखान्याच्या बाकावर बसलेले जुने पेशंट नव्यांना बजावून ठेवतात, "बाई बोलतील, पण ऐकून घ्या, मनाच्या वाईट नाहीत." मला हे आतून ऐकू येतं आणि आणखी राग येतो. माझं बालपण धुळ्याचं. एरवी मी बरं मराठी बोलते, पण पारा चढला की आईची अहिराणी तोंडातून बाहेर पडते. मग समोरचा पेशंट एकदम मोकळा होतो. रागावलेली डॉक्टरीण त्यांना आपल्या घरातली वाटते की काय, कोण जाणे.

या तापट स्वभावाला एक काम अजिबात झेपत नाही, आणि नेमकं तेच माझ्या वाट्याला आलं. धडधाकट माणसाला रोज गोळी खायला लावायचं काम. घरात एकाला एचआयव्हीची बाधा आहे, दुसऱ्याला नाही. त्या दुसऱ्याला ती होऊ नये म्हणून रोज एक गोळी. गोळी चांगली आहे, रोज घेतली तर चांगलीच राखते. पण ती आधी तपासण्या करून द्यायची आणि मग दर तीन महिन्यांनी रक्त बघायचं: बाधा झालेली नाही ना, मूत्रपिंड ठीक आहे ना. ताप असला तर माणूस गोळी आठवणीने खातो. काहीच होत नसताना रोज कोण खाणार? मधुमेहाच्या गोळ्या चुकवणारी माणसं मी आयुष्यभर बघितली आहेत. त्यांच्यावर ओरडता तरी येतं.

ते जोडपं नरडाण्याकडून आलं होतं. तो तिथल्याच एका कारखान्यात कामाला. धुळं जवळ असून ते गाडीत बसून जळगावला का आले, हे विचारायची गरज नव्हती. धुळ्याच्या दवाखान्याबाहेर कुणीतरी मामा, कुणीतरी भाचा नक्की उभा असतो. त्याचे उपचार नुकतेच सुरू झाले होते आणि रक्तातला विषाणू अजून खाली आलेला नव्हता. तिच्या रक्तात काही नव्हतं. ती तिशीच्या आतली, पदर डोक्यावर, आणि नवऱ्यापेक्षा तीच जास्त बोलत होती. आधी माझ्याशी शुद्ध बोलायची धडपड, मग घाबरली की अहिराणीवर घसरायची.

"मी बरी शे, मंग माले गोळी कसाले?"

मी समजावलं. छत्रीचं उदाहरण दिलं, शेताच्या कुंपणाचं दिलं. निरोध वापरा, हेही सांगितलं, त्यावर दोघंही फरशीकडे बघत बसले. शेवटी मीच वैतागले आणि म्हटलं, "भाऊ, तुमच्या औषधाने तुमचा विषाणू दबेपर्यंत हिने ही गोळी खायची. तो दबला, रिपोर्टात सापडेनासा झाला, की हिची गोळी बंद. तोवर एकही दिवस चुकवायची नाही."

तिने मान डोलावली. मग विचारलं, "घरमा काय सांगू?"

घर एकत्र होतं. सासू, मोठा दीर, जेठाणी म्हणजे थोरली जाऊ, जेठाणीच्या दोन मुली. नवऱ्याचा आजार या दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हता. कळला असता तर काय झालं असतं, ते त्याने मला सांगितलं नाही. फक्त पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसला. तिनेच तोड काढली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. "मूल व्हवानी गोळी शे म्हणून सांगस," ती म्हणाली आणि स्वतःच फिस्सकन हसली. मलाही हसू आलं. जळगावच्या डॉक्टरकडे एवढ्या लांब जायला याहून चांगलं कारण कुठलं? सासू स्वतःच भाड्याचे पैसे देईल, असं ती म्हणाली, आणि तसंच झालं.

पहिल्या महिन्याची तपासणी छान आली. ती येताना बिबड्यांची पिशवी घेऊन आली, ज्वारीच्या, पापडासारख्या, तीळ लावलेल्या. मी नको नको म्हणत घेतल्या. बिबड्यांना नाही म्हणणारी धुळ्याची बाई अजून जन्मायची आहे.

मग श्रावण आला आणि घोटाळा झाला.

श्रावणानंतरच्या खेपेला ती आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "बाटली आण इकडे." गोळ्या किती उरल्या ते बघायची माझी सवय आहे. माणूस खोटं बोलेल, बाटली बोलत नाही, असं मी मानत होते. बाटली टेबलावर उपडी केली. हिशोब बरोबर होता, जेवढ्या असायला हव्यात तेवढ्याच. पण वर एक अर्धी होती. आणि तळाशी भुगा.

"ही अर्धी कशी?"

तिने पदर आणखी पुढे ओढला.

"अगं, मी तुला विचारतेय. गोळी अर्धी कुणी केली?"

"अडकित्त्यानं," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "तुले काही अक्कल शे का नही? सुपारी शे का ती?" बाहेरचा बाक एकदम शांत झाला. मी आवाज खाली आणला. मग तिच्याकडून जे कळलं ते असं.

श्रावणात त्यांच्या घरी कानबाई बसते. खान्देशात ज्यांच्या घरी कानबाई बसते त्यांना सांगायला नको. नारळाला नथ, दागिने घालून तिची स्थापना करतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी नदीवर बोळवतात. तिच्यासाठी केलेले रोट घरातल्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे, तुकडाही बाहेर जाऊ द्यायचा नाही. तर सासूने सुनेची ती बाटली आणली आणि कानबाईपुढे ठेवली. धाकटीची कूस उजव, म्हणून. हळदकुंकू वाहिलं. झाकणाला अजून थोडी हळद लागलेली होती. मी ती इतका वेळ बघत होते आणि भाजीची समजत होते.

कानबाईपुढे ठेवलं म्हणजे ती गोळी आता नुसती गोळी राहिली नाही. जेठाणीने हात पुढे केला. तिला दोन मुलीच, मुलगा नाही. सासू म्हणाली, दोघींनी खा, आईनं दोघींना दिलंय. तेव्हापासून रोज जेवण झालं की सासूसमोर गोळी अडकित्त्यात धरायची आणि अर्धी अर्धी करायची. एक दिवस जेठाणी माहेरी होती, तिची अर्धी बाटलीत राहिली.

"पण तू नाही म्हणायचं होतंस!"

"परसाद शे ना, मॅडम. एकटीनं कसा खावाना?"

 मी इतकी वर्षं शिकले, परीक्षा दिल्या, पण प्रसाद एकटीने कसा खायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही. अर्ध्या गोळीने माणूस किती राखला जातो, तेही शिकवलेलं नाही. पूर्ण गोळीचं सगळं माहीत आहे. अर्धीचं विचारलं तर एकच उत्तर, भरवसा नाही. नवऱ्याचा रिपोर्ट अजून म्हणावा तसा उतरलेला नव्हता. त्या दिवशीचं तिचं रक्त मी लगेच तपासलं. बाधा नव्हती. पण नुकतीच झाली असेल तर ती इतक्यात दिसत नाही, आणि अर्ध्या औषधाखाली तर आणखीच लपून राहते. काही आठवड्यांनी पुन्हा बघावं लागणार होतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. पदराने टेबलावरचा भुगा पुसायला लागली. ते बघून मलाच भडभडून आलं.

दुसरा घोर जेठाणीचा. ती बाई न तपासता औषध खात होती. तिचं मूत्रपिंड कसं आहे, तिला काविळीचा एक विशिष्ट प्रकार तर नाही ना, कशाचाच पत्ता नाही. तशी कावीळ असली आणि ही गोळी मधेच सोडली तर यकृत बिघडू शकतं. म्हणजे तिने घेत राहावं तर पंचाईत, सोडावं तरी पंचाईत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि तिला हे सांगायचं तर गोळी कशाची ते सांगावं लागणार. ते सांगायचा मला हक्क नाही. पेशंटचं गुपित मी माझ्या नवऱ्यालाही सांगत नाही.

"जेठाणीला घेऊन ये," मी म्हटलं. "म्हणावं, ही गोळी खाणाऱ्या सगळ्या बायकांचं रक्त मॅडम तपासतात. आणि आजपासून पूर्ण गोळी तूच खायची. काहीही कर."

"सासूसमोर जेठाणीच्या हातातलं कसं काढी लेऊ?" ती म्हणाली आणि गाडी चुकेल म्हणून निघाली.

मी त्या रात्री पिंप्राळ्याला घरी गेले आणि नवऱ्यावर विनाकारण चिडले. तो म्हणाला, झालं काय? सांगता येईना. "एका घरात एक बाटली आहे," एवढं बोलून मी थांबले. तो म्हणाला, दारूची? मी ताट सरकवून उठले.

त्यानंतर जे झालं त्याने माझा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. जेठाणी आली. पण एकटी आली. अमळनेरला माहेरी जाते म्हणून निघाली होती आणि अमळनेरला न उतरता थेट जळगावला आली. चाळिशीला टेकलेली, खणखणीत आवाजाची, हातात बिबड्यांची पिशवी. तीच ज्वारी, तेच तीळ. ही कोण, हे मला तिने सांगायच्या आधी बिबड्यांनीच सांगितलं.

मी मनात भाषण तयार ठेवलं होतं. मुलगा व्हायची गोळी जगात नसते, मुलीच गुणाच्या असतात, वगैरे. मी सुरुवातही केली. तिने मला मधेच थांबवलं. मला मधेच थांबवणारे पेशंट फार नाहीत.

"मॅडम, ती गोळी कसानी शे, माले ठाऊक शे."

मी कानावर हात ठेवले. कोणती गोळी, मी काही बोलणार नाही, तुमच्या घरातलं कोण माझ्याकडे येतं तेही मी सांगणार नाही. ती म्हणाली, नका सांगू, मीच सांगते. तिची मोठी मुलगी कॉलेजात जाते. तिच्या मोबाईलवर जेठाणीने बाटलीवरचं नाव टाकून बघितलं होतं. पुन्हा पुन्हा बघितलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. मग धाकटा दीर महिन्याच्या महिन्याला जळगावला कशाला जातो, तेही उमगलं.

"मग तुम्ही हात का पुढे केला?" मला राहवलंच नाही. "तिच्या औषधातलं अर्धं तुम्ही काढून घेतलंत, कळतंय का तुम्हाला?"

ती खाली बघायला लागली. 

"मना मालक गाडीवर शेतस," ती म्हणाली.

मालक म्हणजे तिचा नवरा. ट्रक चालवतो, सुरतेकडे, नागपूरकडे, महिना महिना बाहेर. रक्त तपासून घ्या म्हटलं तर ताट भिरकावतो. तिला काही पक्कं ठाऊक नव्हतं, पण काही गोष्टी बाईला पक्क्या ठाऊक असाव्या लागत नाहीत. घरात एक गोळी आलीय, जी बाईला राखते, आणि ती मागायची तर कुणाकडे आणि काय म्हणून? मग श्रावणात सासूला तिनेच सुचवलं, बाटली कानबाईपुढे ठेवा. प्रसाद झाला म्हणजे वाटा मागायला कारण लागत नाही.

 मला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही होता. पण तो नेमका कुणावर काढायचा तेच समजेना. तिच्यावर? गाडीवरच्या त्या मालकावर? कानबाईवर तर रागावता येत नाही.

"अर्धीनं भागत नही, हाई माले ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "ती तुमनाकथून रडत उनी, अर्धी चालत नही म्हने. तवय समजनं. माले मनी येगळी गोळी द्या. तिनी तिले पुरी खाऊ द्या." मग दारापर्यंत जाऊन, बाहेर कुणी ऐकत नाही ना बघून परत आली. "आणि तिले सांगू नका, माले ठाऊक शे म्हनीसन. ती लाजीसन मरी जाई."

मी तिचं रक्त घेतलं. बाधा नव्हती. मूत्रपिंड ठीक, कावीळ नाही. त्या दिवशी तिच्याइतकीच मीही खुर्चीत सैल पडले. काही आठवडे थांबून पुन्हा एकदा तपासलं आणि तिची स्वतःची बाटली तिला दिली. ती कुठे ठेवणार विचारलं तर म्हणाली, गव्हाच्या कोठीत. कोठीत हात घालायची सासूची आता ताकद राहिलेली नाही. आणि घरी तिने सांगितलं, ती प्रसादाची गोळी मला सोसत नाही, उलट्या होतात, धाकटीलाच पूर्ण खाऊ दे.

आता माझी अवस्था बघा. एका घरातल्या दोन बायका, एकच औषध, येण्याचे दिवस वेगळे. एक सांगून यायची मूल होण्यासाठी, दुसरी माहेरी. दोघीही त्याच ज्वारीच्या बिबड्या आणायच्या. नवरा म्हणाला, हल्ली बिबड्या फार येतात गं. मी म्हटलं, खा आणि गप्प बस. एकदा तर जेठाणी बाकावर बसलेली असताना धाकटीचा फोन आला आणि मी नाव घ्यायच्या आत जीभ चावली. कुणाला काय माहीत आहे, कुणाला काय माहीत नाही, हे लक्षात ठेवता ठेवता माझ्याच गोळ्या चुकायला लागल्या, रक्तदाबाच्या. मी दुसऱ्यांवर ओरडते ना!

धाकटीची पुन्हा तपासणी व्हायची होती ती होईपर्यंत माझ्या जिवाला घोर होता. ती आली. "जेठाणीले सोसनी नही," सुटकेने सांगत बसली. "आते मी पुरी खास." मी ऐकल्यासारखं केलं आणि तिची बोटं धरून रक्त घेतलं.  रिपोर्ट आला. बाधा नव्हती. त्यानंतरच्या खेपेलाही नव्हती. तिला हे सांगितलं तेव्हा ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली, चांगली हुंदके देऊन, आणि मी तिला थोपटायचं सोडून म्हणत होते, "बस आता, बाहेर लोकांना वाटेल मी मारलं."

काही महिन्यांनी तिच्या नवऱ्याचा रिपोर्ट आला. विषाणू सापडण्याइतकाही नव्हता. पुढचाही तसाच. मी दोघांना समोर बसवलं आणि म्हटलं, हिची गोळी आता बंद करू. भाऊ, तुमची मात्र जन्मभर चालू, त्यात कुचराई चालणार नाही. तो हात जोडून उभा राहिला आणि गाडीची चौकशी करतो म्हणून बाहेर गेला. त्याला रडायचं होतं, एवढं मलाही कळतं. ती बसून राहिली. "मंग आते खरंच मूल?" तिने विचारलं. मी म्हटलं, आता खरंच. ती लाजली आणि तिने पिशवीतून बाटली काढली. तळाशी काही गोळ्या उरल्या होत्या. झाकणावरची हळद अजून गेली नव्हती.

"ह्या जेठाणीले दिऊ का?"

मला वाटलं, पुन्हा तो प्रसाद. "अगं, तिला सोसत नाही म्हणालीस ना? आणि न तपासता कुणाला द्यायची नाही, किती वेळा सांगू?" माझा आवाज चढला.

"तिना मालक गाडीवर शेतस, मॅडम," ती हळूच म्हणाली. "तिनं हात पुढं करा तवयच मना ध्यानमा उनं. पोरगा पाहिजे म्हणून मागणारी बाई अशी नही देखत. म्हणून मी देत होती. तिनी ती सोडी दिन्ही. आते माले तिनाच घोर शे."

 इतके दिवस मी हिला बिनडोक समजत होते, प्रसादापायी जीव धोक्यात घालणारी. आणि ही बाई डोळ्यांदेखत, समजून उमजून, स्वतःची अर्धी गोळी मोडून देत होती. तिला सांगावंसं वाटलं की जेठाणीची बाटली गव्हाच्या कोठीत आहे, ती रोज पूर्ण खातेय, तू घोर करू नकोस. जिभेवर आलेलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे दुसरीचं गुपित फोडायचं. मी तिच्या हातातून बाटली घेतली आणि खणात टाकली.

"जेठाणीचं मी बघते," मी म्हटलं. "तू तुझ्या घरी जा. एवढा भरवसा ठेव."

तिने आधी खणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. किती कळलं आणि किती नाही, मला सांगता येणार नाही. पदर सारखा केला, दारापर्यंत गेली, बाहेर कुणी ऐकत नाही ना बघितलं आणि परत आली.

"मॅडम," ती म्हणाली, "तिले सांगू नका, माले ठाऊक शे म्हनीसन. ती लाजीसन मरी जाई."

मी म्हटलं, नाही सांगत. जेठाणीलाही मी तेच म्हटलं होतं.